पिंपातलं अल्कोहोल कुणाचं?

पत्रिकेवर 'केंद्र-राज्य संबंध' असा विषय छापलेला असूनही आपण इतके जण आलात, याचं मला खरंच नवल वाटतंय. अधिकारांची वाटणी समजून घ्यायला आज आपण एकच वस्तू समोर ठेवू. साखर कारखान्याच्या आसवनीत मळीपासून काढलेल्या अल्कोहोलचं एक पिंप. ते कुणाच्या ताब्यात, दिल्लीच्या की राज्याच्या?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत, हे शाळेत झालंय. 1950 साली केंद्रसूचीत 97, राज्यसूचीत 66 आणि समवर्ती, म्हणजे दोघांच्या सामाईक, सूचीत 47 नोंदी होत्या. संरक्षण, चलन, रेल्वे तिकडे. पोलीस, शेती, जमीन इकडे. पाठांतर तिथंच संपतं आणि भांडण तिथून पुढं सुरू होतं.

आपल्या पिंपाकडे या. राज्यसूचीतली नोंद 8 म्हणते की मादक पेयं, अगदी उत्पादनापासून विक्रीपर्यंत, राज्याची. नोंद 24 प्रमाणे उद्योगही राज्याचेच. पण या 24ला एक शेपूट आहे: केंद्रसूचीतल्या 7 आणि 52 या नोंदींच्या अधीन राहून. त्यातली 52 काय म्हणते? एखाद्या उद्योगावर केंद्राचं नियंत्रण असणं लोकहिताचं आहे, असं संसदेनं कायद्यानं जाहीर केलं की तो उद्योग केंद्राकडे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, साधा कायदा पुरतो. 1951च्या उद्योग कायद्यानं असे कितीतरी उद्योग केंद्राकडे गेले, आणि त्यांत किण्वन उद्योगही होता, म्हणजे आंबवून अल्कोहोल वगैरे करण्याचा.

मग पिंपातलं औद्योगिक अल्कोहोल 'मादक पेय' की 'उद्योग'? त्याच 1951 साली मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्यावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 'दारू' या शब्दाचा अर्थ ऐसपैस धरला: प्यायची असो वा नसो, अल्कोहोल असलेला द्रव त्यात आला. 1989मध्ये सात न्यायाधीशांनी तो आवळला: माणूस पितो तेवढंच मादक पेय. ऑक्टोबर 2024मध्ये नऊ न्यायाधीश बसले आणि 8 विरुद्ध 1 असा निकाल देऊन पिंप पुन्हा राज्यांकडे आलं. कारण नोंद 8ला ते 'अधीन' नावाचं शेपूटच नाही! न्यायमूर्ती नागरत्ना यांचं मत वेगळं पडलं. गैरवापर होऊ शकतो एवढ्यानं औद्योगिक अल्कोहोल मादक पेय ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. भाषा म्हणून मला ते बिनतोड वाटतं. तरीही माझं मत बहुमताच्या बाजूनं, कारण पिंप गुत्त्यावर पोचून माणसं दगावली की पंचनाम्याला राज्याचाच पोलीस जातो.

एवढा आटापिटा कशासाठी? पैशासाठी, अर्थात. 1 जुलै 2017ला जीएसटी आला आणि राज्यांनी आपले बरेचसे कर त्यात ओतले. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे सगळी राज्यं एकत्र आली तरी केंद्राला डावलून काही करू शकत नाहीत. (केंद्रालाही एकट्यानं काही जमत नाही, हेही सांगायला हवं.) प्यायची दारू मात्र घटनेनंच जीएसटीबाहेर ठेवली. तिचा दर मंत्रालयात ठरतो, आणि राज्यं तिला जिवापाड जपतात.

आणि तरी 2020चा मे महिना आठवा. टाळेबंदीत दारूची दुकानं बंद, राज्यांच्या तिजोऱ्या आटलेल्या. विषय शंभर टक्के राज्याचा, पण 4 मेला शटर वर गेलं ते केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशानं मुभा दिल्यावर. तो आदेश होता 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचा. आता घरी गेल्यावर तिन्ही याद्यांत 'आपत्ती' शोधा. सापडणार नाही. तो कायदा समवर्ती सूचीतल्या 'सामाजिक सुरक्षा' या नोंदीचा आधार घेऊन केलेला आहे.