उघडलंच आहे तर

(तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं बोलणं. शब्दांकन करताना बोली शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मंडळी, या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक आले, कीर्तनकार आले. यंदा गॅरेजवाला बोलावलाय. हात घासून धुऊन आलोय, पण नखातलं ग्रीस काही निघत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

ही पिशवी फिरवतो, एकेकानं हात घालून बघा. आत एक काळा दातेरी पट्टा आहे आणि दोन बेअरिंगं आहेत. बेअरिंगं बोटावर फिरवा आणि त्यातलं खराब कोणतं ते ठरवून ठेवा. शेवटी विचारणार आहे.

आपल्या भागात टायमिंग बेल्ट हा शब्द उशिरा आला. ट्रॅक्टरच्या इंजिनात तर गिअरच असतात, ते जन्मभर टिकतात, त्यामुळं ‘इंजिनातला पट्टा बदलायचा’ हे कुणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. 1998च्या शेवटी टाटांची इंडिका आली. पुढं डिझेल इंडिका गावोगाव वडापला लागली, आणि मग रस्त्यात एकाएकी मुक्या झालेल्या गाड्या टोचन करून आमच्या दारात यायला लागल्या. मालक म्हणायचा, ‘डिझेल आहे, बॅटरी आहे, मग झालं काय?’

झालेलं असायचं हे. इंजिनात खाली क्रँक फिरतो, त्यावर पिस्टन वर-खाली होतात. वरच्या हेडमध्ये कॅम फिरतो, तो वॉल, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, उघडतो, मिटतो. क्रँकचे दोन वेढे झाले की कॅमचा एक वेढा झालाच पाहिजे. हे गणित सांभाळतो तो पट्टा. टिपऱ्या खेळताना बघा, दोघांचा ठेका जुळलेला असतो तोवर टिपरी टिपरीवर पडते. एकाचा ठेका चुकला की ती बोटावर बसते. दोन हजार आरपीएमला एकेक वॉल सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडतो, आणि उघडा वॉल अन् वर आलेला पिस्टन यांच्यात जागा अगदी थोडी असते. क्रँकच्या चक्राला वीस दाते धरा. पट्टा एक दाता सरकला की टायमिंग 18 अंशांनी हुकलं. मग गाडी ओढत नाही, सकाळी लवकर चालू होत नाही. तीन-चार दाते सरकले किंवा पट्टा तुटला, की पिस्टन खालून वॉलला टोला देतो. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत नुसती गाडी बंद पडते, बाकी काही होत नाही. डिझेलमध्ये ती आशा धरू नका.

आता माझीच फजिती सांगतो. 2006 साल. गॅरेज नवं होतं, गिऱ्हाईक जपायचं होतं. आमच्या शाळेतले एक गुरुजी इंडिका घेऊन आले. म्हणाले, ‘बाळा, पट्टा बदल, पण पगार व्हायचाय, हात राखून कर.’ पट्टा नवा टाकला. टेन्शनरचं, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाचं, बेअरिंग काढून बोटावर फिरवलं, तर काय मोकळं फिरलं! म्हटलं झकास आहे, गुरुजींचे सात-आठशे वाचले. माझे उस्ताद तेव्हा हयात होते. संध्याकाळी चहाला आले, बाजूला पडलेला जुना पट्टा बघितला आणि विचारलं, ‘बेरिंग?’ मी म्हटलं, तेच ठेवलं. ते एवढंच म्हणाले, ‘अरे, खोल्याच था तो डाल देना था ना.’

तीन महिन्यांनी मांजरसुंब्याच्या घाटात गुरुजींची गाडी बसली. कुटुंब सोबत, मे महिना, दुपारचे दोन. टेम्पोला बांधून आणली. कव्हर काढलं तर टेन्शनरचं बेअरिंग जाम झालेलं, निळं पडलेलं, आणि माझ्या नव्या कोऱ्या पट्ट्याचे दाते एका बाजूनं रंधा मारावा तसे सपाट झालेले. हेड उतरवलं, आठपैकी सहा वॉल वाकडे. गुरुजी स्टुलावर बसून बघत होते. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, ‘पट्टा तर तू बदलला होतास ना?’ अर्धा खर्च मी सोसला. उरलेला अर्धा त्यांच्याकडून घेताना जी मान खाली गेली, ती अजून आठवते.

म्हणून काटकसर कुठं करायची ते नीट समजून घ्या. या कामात महाग असतं ते उघडणं. चाक काढा, इंजिनाला खालून जॅक द्या, माउंटिंग सोडवा, कव्हरं काढा. अर्धा दिवस त्यातच जातो. एकदा आत पोचल्यावर पट्ट्याशेजारचं बेअरिंग बदलायला दहा मिनिटं लागतात. तेच बेअरिंग सहा महिन्यांनी गेलं तर तो अर्धा दिवस परत मोजायचा. इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाचंही तसंच. डस्टर गाडीच्या दीड लिटर डिझेल इंजिनात पंप याच पट्ट्यावर फिरतो. पंप गळला की पाणी पट्ट्यावर, पंप जाम झाला की पट्टाच गेला. क्रँक आणि कॅमची ऑइल सीलं शे-दोनशेची असतात, पण त्यातून ऑइल पाझरलं की पट्ट्याचं रबर फुगतं, मऊ पडतं. पट्टा नवा आणि सील जुनं, हे म्हणजे गळक्या पत्र्याखाली नवी गादी.

पंपावरून आठवलं. आपल्या बोअरचं पाणी कसं असतं, हंड्याच्या बुडाला बघा. पांढरा थर. तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो आणि वर म्हणतो, पंप दोन वर्षांत कसा गेला? क्षार पंपाच्या सीलवर बसतो, सील घासतं, मग गळती. फिल्टरचं पाणीही नको. तयार कूलंट घ्या, नाहीतर घट्ट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर डब्यावर लिहिलंय त्या प्रमाणात. मला विचाराल तर मराठवाड्यात जेवढे पंप बोअरनं मारले तेवढे किलोमीटरनं मारले नाहीत.

हिशेब सांगतो, आमच्याकडचा, ढोबळ. डस्टरचं चांगल्या नावाचं किट, म्हणजे पट्टा, टेन्शनर, आयडलर (पट्ट्याला वळण देणारं चाक), साधारण 6 हजार. पंप अडीच हजार. सीलं आणि कूलंट मिळून दोनेक हजार. मजुरी साडेतीन. झाले 14 हजार. आणि पट्टा तुटून हेड उतरलं तर वॉल, गाइड, हेड गॅसकेट, लेथचं काम धरून 40 हजारांच्या आत सुटलात तर देवाला नारळ फोडा.

यात पैसे वाचतात कुठं? एक म्हणजे खोक्यात. गाडीची कंपनी पट्टा स्वतः बनवत नाही. गेट्स, कॉन्टिनेन्टल, डेको असे बनवणारे वेगळे आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या खोक्यातलं किट बरेचदा स्वस्त पडतं. सुटं-सुटं घेण्यापेक्षा किट घ्या. पण पक्क्या बिलाशिवाय नको, कारण याच नावांचा डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे. पत्र्याच्या दुकानात चार उन्हाळे भाजलेला पट्टाही नको. रबर आहे ते, न वापरताही म्हातारं होतं. म्हणूनच कंपनी किलोमीटरबरोबर वर्षंही देते, जे आधी भरेल ते. ‘माझी गाडी दारातच उभी असते’ हे कारण चालत नाही. दुसरं, बिलात इंजिन फ्लश, डिकार्बन असलं काही घुसलेलं दिसलं तर खुशाल खोडा. त्याचा पट्ट्याशी काडीचा संबंध नाही.

मजुरीत घासाघीस करा, पण आधी फिटरला विचारा, ‘टायमिंग लॉक करायच्या पिना आहेत का?’ म्हणजे काम होईतो क्रँक आणि कॅम हलू न देणाऱ्या. ज्या इंजिनाला पिना लागतात तिथं ‘अंदाजानं मारतो’ म्हणणाऱ्याला राम राम. खुणा करायला मी स्वतः पांढरी नखपॉलिश वापरतो, बायको दरवर्षी विचारते बाटली कुठं गेली. पण ती खूण पिनेच्या जोडीला, पिनेच्या जागी नव्हे. पट्टा बसवला, ताण दिला, पिना काढल्या, की सेल्फ मारायचा नाही. क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावायचा आणि इंजिन फिरतं त्याच दिशेनं हातानं पूर्ण दोन वेढे द्यायचे. खुणा परत जागेवर आल्या पाहिजेत. मधेच कुठं हाताला अडलं तर तिथंच थांबायचं. जोर करायचा नाही, तो वॉल आहे. हे दोन वेढे तुमच्यासमोर द्यायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

काका, तुमचा प्रश्न कळला. तुटायच्या आधी आवाज येतो का? बेअरिंग घरघरतं, पंप कुरकुरतो. पट्टा मात्र बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. अडीच लिटरच्या डिझेल इनोव्हाला मीटरमध्ये टायमिंग बेल्टचा दिवाच दिलाय. पण तो पट्टा न बदलताही घालवता येतो, आणि गाडी विकायच्या आधी घालवणारे महाभाग आहेत. म्हणून सेकंडहँड गाडी घेताना ‘पट्टा बदललाय’ या शब्दावर जाऊ नका. किलोमीटर लिहिलेलं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं आणि ते 14 हजार सौद्यातच कापून घ्यायचे.

पट्ट्याऐवजी चेन असलेली गाडी घेतली तर झंझट नाही का? पोरा, स्विफ्टच्या डिझेलला चेन आहे, खरंय. पण चेन इंजिन ऑइलवर जगते. ऑइल दुप्पट किलोमीटर ओढलं की तीही सैल पडते, खडखडते. आणि तिचं बिल पट्ट्यापेक्षा मोठं असतं.

बरं, बेअरिंगं फिरून झाली? हात वर करा. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनी जड फिरणारं खराब ठरवलंय. उलटं आहे, मंडळी. नव्यात ग्रीस ठासून भरलेलं असतं, ते जड फिरतं आणि लगेच थांबतं. बोटावर भिंगरीसारखं गरगरतं ना, त्यातलं ग्रीस संपलंय. कानाशी धरा, आत वाळूसारखं वाजेल. गुरुजींच्या गाडीचं मी असंच फिरवून खूश झालो होतो.

ते गरगरणारं कुणाला हवं तर ठेवा, पोरांना खेळायला होईल. जड फिरणारं तेवढं परत द्या, उद्या सकाळी एका गाडीत बसवायचंय.