डाव्या हातातली घंटा

नमस्कार मंडळी! नेपाळमधल्या पाटणचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय, 'जुनी बौद्ध घंटा घ्यायची तर बघायचं काय?' सांगतो. पण त्याआधी थोडं भांडायचंय.

हिला तिबेटीत द्रिलबू म्हणतात. अंग काशाचं, खांद्यावर आठ पाकळ्यांचं कमळ, मुठीच्या टोकाला अर्धं वज्र, म्हणजे इंद्राच्या आयुधाचं पूजेतलं छोटं धातूचं रूप. हे दिसतंच आहे, पुढे जाऊ.

गेल्या वेळी मी ही डाव्या हाताने वाजवली, तर खाली कमेंट्सचा पाऊस! 'दादा, डावा हात? देवाधर्माचं काही कळतं का?' अहो, ही डाव्याच हातात धरतात! उजव्या हातात वज्र. वज्र म्हणजे करुणा, उपाय. घंटा म्हणजे प्रज्ञा. पोकळीतून नाद उठतो नि विरतो, ती शून्यता. नुसती घंटा विकत घेणं म्हणजे एकच चप्पल घेण्यासारखं.

पटत नाही? वज्रसत्त्व या बौद्ध देवतेची मूर्ती बघा. उजवा हात छातीशी, त्यात वज्र. डावा कमरेशी, त्यात घंटा. सगळे मूर्तिकार चुकले का?

तेही राहू द्या. तुमच्या घरी आरती कशी होते? उजव्या हातात निरांजन, डाव्यात घंटा! आमची आजी ओवाळता ओवाळता घंटा वाजवायची आणि डोळ्यांनी मला दटावायची. तिला नाही कुणी कमेंट टाकली.

आपल्या घंटेच्या मुठीवर गरुड किंवा मारुती असतो, हिच्यावर प्रज्ञापारमिता या बौद्ध देवीचा चेहरा. जवळून दाखवतो. नाक झिजून सपाट झालंय, मुकुटाच्या खाचांत मात्र काळं साचलंय. हात लागतो तिथे झीज, लागत नाही तिथे मळ. माझ्या पहिल्या घंटेवर सगळीकडे सारखंच काळं होतं. 'दोनशे वर्षं जुनी' म्हणून घेतली, घरी चिंचेने घासली, तर पिवळीधमक! (खरी जुनी असेल तर चिंच लावू नका, हात जोडतो.)

आणि 100 वर्षांवरची वस्तू नेपाळबाहेर परवानगीशिवाय नेता येत नाही. तेव्हा 'दोनशे वर्षं' म्हणणारा दुकानदार कागदाशिवाय ती पिशवीत घालून देत असेल, तर एक तर तो थापा मारतोय, नाहीतर तुम्हाला तस्करीला लावतोय.

चला, वाजवून दाखवतो. डाव्या हाताने. लिहा काय लिहायचं ते.