देठाकडचा काप

श्रोतेहो, नमस्कार. आमच्या घरी दुधी चिरायला घेतला की आजी देठाकडचा एक पातळ काप काढून जिभेवर ठेवत असे, आणि तो कडू लागला तर अख्खा दुधी उकिरड्यावर जात असे. आईनेही तीच सवय ठेवली. त्या कापामागचे कारण मात्र आम्हांला कोणी कधी सांगितले नाही.

दुधी, काकडी, दोडका अशा वेलीवरच्या भाज्यांत क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. नेहमीच्या लागवडीच्या वाणांत त्यांचे प्रमाण नगण्य असते. परंतु पाण्याचा ताण पडला, किंवा बियाण्यात रानवेलीचा संकर शिरला, तर एखाद्या फळात ते फार वाढते, आणि बाहेरून ते फळ इतरांइतकेच कोवळे व हिरवेगार दिसते. शिजवल्यानेही हा कडवटपणा जात नाही. भाजी कडू लागली तर आपण पहिल्याच घासाला ताट बाजूला सारतो, म्हणून भाजीने सहसा अनर्थ होत नाही. रसाचे तसे नाही. बराचसा दुधी एका पेल्यात मावतो, पुष्कळदा त्यात कारल्याचा रसही मिसळलेला असतो, आणि औषध कडूच असायचे या समजुतीने माणूस तो एका दमात पिऊन टाकतो. मग थोड्याच वेळात पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात, उलटीतून रक्त पडू शकते आणि रक्तदाब कोसळू शकतो. या विषावर नेमका उतारा नाही. 2010 मध्ये दिल्लीत असा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रकाराचा अभ्यास केला. रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहावा आणि कडू लागल्यास तो टाकून द्यावा, हा तिचा मुख्य सल्ला होता. म्हणजे आजीचाच काप.

परंतु जीभ प्रत्येक वेळी इशारा देतेच असे नाही. पूर्व विदर्भात भाताच्या बांध्यांमध्ये, धान कापण्याआधीच, लाखोळी हे कडधान्य फेकून पेरतात. ती उरलेल्या ओलीवर वाढते, चवीला चांगली लागते आणि पाऊस दगा देतो तेव्हाही शेतात उभी राहते. तिचा हा गुणच घातक ठरला, कारण दुष्काळात जेव्हा दुसरे काही उरत नसे तेव्हा गरिबाचे पोट महिनोन्‌महिने तिच्यावरच चाले. तिच्यातील मज्जातंतूंना घातक असलेले द्रव्य, म्हणजे ओडॅप, भारतीय शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये वेगळे काढले. लाखोळी हेच मुख्य अन्न होऊन दोन-तीन महिने उलटले की काही जणांचे पाय ताठरतात, माणूस काठीवर येतो, कधी रांगू लागतो, आणि ही पांगुळता पुन्हा बरी होत नाही. मध्य भारतात शेतमजुरांना मजुरीच लाखोळीच्या रूपात मिळत असे, हे ध्यानात घेतले तर दोष नुसत्या डाळीवर टाकता येत नाही. रीवा संस्थानाने 1907 मध्ये आणि केंद्र सरकारने 1961 मध्ये तिच्यावर बंदी आणली. इतर धान्याच्या जोडीने अधूनमधून ती खाणे निराळे, आणि केवळ तिच्यावर जगणे निराळे. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिल्यास विषाचा मोठा भाग निघून जातो. पण दुष्काळात इतके पाणी आणि सरपण आणायचे कोठून?

शेताच्या कुंपणावरची चंद्रज्योत तर आणखी फसवी, कारण तिचे बी शेंगदाण्यासारखे लागते, आणि ते खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे वारंवार येतात.

आता औषधाकडे वळू. सर्दी-तापावर त्रिभुवनकीर्ती या आयुर्वेदिक औषधाची गोळी घेणारी घरे आपल्याकडे असंख्य आहेत. तिच्यात शुद्ध, म्हणजे विष सौम्य करून घेतलेला, बचनाग असतो; बचनाग ही मुळात विषारी मुळी, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते. कच्च्या बचनागातील ॲकोनिटीन हे द्रव्य काही मिलिग्रॅम पोटात गेले तरी ओठ-जीभ बधिर होतात, मुंग्या येतात आणि हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून जुन्या वैद्यांनी त्याचे शोधन, म्हणजे विष सौम्य करण्याची रीत, सांगितली: तुकडे करून गोमूत्रात भिजवणे, किंवा गाईच्या दुधात उकळणे. उकळण्याने ॲकोनिटीनचे रेणू तुटून त्यापासून पुष्कळ सौम्य द्रव्ये बनतात, हे रसायनशास्त्रालाही मान्य आहे. शोधन अर्धवट झाले, किंवा झाडपाला विकणाऱ्याकडून मुळी आणून कोणी घरीच उगाळली, तर परंपरेचे नाव घेतल्याने ते विष सौम्य होत नाही. शोधन हाही त्या परंपरेचाच भाग आहे, आणि तोच वगळण्याची घाई अलीकडे फार दिसते.

बचनाग, कुचला, धोतरा, बिब्बा, गुंज ही द्रव्ये औषध कायद्याच्या ई-1 अनुसूचीत आहेत. ती असलेल्या औषधाच्या वेष्टनावर, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापणे बंधनकारक आहे. मराठीत नाही, आणि अक्षर इतके बारीक की माझ्या चष्म्यालाही ते दाद देत नाही.

असा काही त्रास झालाच, तर घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जाताना उरलेला रस, दुधीचा तुकडा, बिया किंवा गोळ्यांची डबी सोबत न्यावी आणि किती वाजता, किती घेतले ते सांगावे. "काही नाही, घरगुतीच औषध घेतले होते," असे सांगून नातेवाईक गप्प बसतात, आणि डॉक्टरांना नेमके तेवढेच कळायला हवे असते.