चोराला काळं कशाला?

मंडळी, नमस्कार. मसालेभाताचा वास सुटलाय, तेव्हा लवकर आवरतो.

गेल्या शनिवारी इथे अमेरिकेत आपल्या बालनाट्याच्या तालमीत चोराची रंगभूषा ठरत होती. नेहमीप्रमाणे काजळाची डबी निघाली. तेवढ्यात एक आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "चोराला काळं कशाला? माझी मैत्रीण बघायला येणार आहे." मैत्रीण काळी, ते तुम्ही ओळखलंत. मग घरोघर वाद. "अहो, आपल्या चाळीतल्या गणपतीत चोर असाच असायचा!"

असायचा खरा. पण अमेरिकेत या काजळाला इतिहास आहे. 1830 च्या सुमारास टी. डी. राइस नावाचा गोरा नट तोंड काळं करून 'जिम क्रो' या काळ्या माणसाचं सोंग आणायचा. पुढे त्याची टूमच निघाली. बूच जाळायचं, काजळी कालवून फासायची, ओठ मात्र लाल किंवा पांढरे, मोठे रंगवायचे. झाला आळशी, चोरटा, सदा हसरा गुलाम तयार! दक्षिणेतल्या वंशभेदी कायद्यांना नाव पडलं ते याच सोंगाचं.

आता बूच जाळावं लागत नाही, शब्द पुरतात. 2005, कतरिना वादळ, न्यू ऑर्लीन्स. छातीभर पाण्यातून सामान नेणारा काळा तरुण. फोटोखालच्या ओळीत दुकान 'लुटून'. तसंच पाणी, तसंच सामान, गोरं जोडपं. त्यांना पाव आणि सोडा 'सापडला'. वृत्तसंस्था दोन, छायाचित्रकार दोन. एकानं तरुणाला दुकानातून येताना पाहिलं होतं, दुसऱ्यानं वस्तू तरंगत आलेल्या पाहिल्या होत्या, असा खुलासा नंतर झाला. तो खराही असेल. पण वाचकापुढे खुलासा नसतो, क्रियापद असतं. 1994 साली 'टाइम'नं तर खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसन या काळ्या खेळाडूचा पोलिसी फोटो मुखपृष्ठावर आणखी काळा करून छापला. तोच फोटो 'न्यूजवीक'वर जसाच्या तसा होता, म्हणून फरक उघडा पडला.

आणि आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप? "एक काळा माणूस फिरतोय, सावध राहा." किती वाजता, कुठे, अंगात काय, करत काय होता? काही नाही. पार्सल द्यायला आला असेल बिचारा. अशाच तक्रारींवरून नेक्स्टडोअर या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अ‍ॅपनं 2016 मध्ये नियम केला: वंश लिहिलात तर केस, कपडे, बूट अशा आणखी दोन खुणा तरी द्या. आपण हा नियम लावला, तर निम्मे इशारे गळतील आणि सुप्रभातची फुलं निवांत फुलतील.

घरात काळ्या लोकांसाठीचा 'तो' शब्द आपण मराठीत, हळू आवाजात म्हणतो. मराठी शाळेत पाच वर्षं घालवून मुलांना नेमका तेवढाच पक्का येतो. आणि 'गोरी, सडपातळ' वाचून लग्न जमलेल्यांनी हात वर करू नयेत. फोटोत पावडर किती होती, ते मी विचारणार नाही.

1873 साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. आपल्याला इथलं दार उघडलं ते 1965 च्या स्थलांतराच्या कायद्यानं, नागरी हक्कांच्या चळवळीच्या ऐन भरात. व्हिसाच्या गप्पांत हे कधी निघत नाही.

काजळ डबीत परत गेलंय. चोराला आता पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. पण ती मैत्रीण येईल तेव्हा दारात आपल्यापैकी कुणीतरी तिला विचारील, "तू कुणाबरोबर आलीस?" बाकीच्या मुलांना आपण हे विचारत नाही.