तलावातले मासे का मेले?

श्रोतेहो, नमस्कार.

आज आभासी जगात, म्हणजे संगणकात उभारलेल्या जगात, शिकण्या-शिकवण्याविषयी बोलणार आहे. एका तलावापासून सुरुवात करते. जमिनीवर हा तलाव कुठेच नाही, तो फक्त संगणकात आहे. मुलं त्याच्या काठाकाठाने हिंडतात, पाण्याचं तापमान घेतात, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, फॉस्फेट किती, याच्या नोंदी करतात. एका छोट्या पाणबुडीत बसून एरवी डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि शेवाळ बघायला जाण्याची सोयही आहे. तारीख पुढे सरकवली की तलावातला दिवस बदलतो. आणि असंच एका दिवशी मुलं येऊन बघतात, तर मोठे मासे काठाला मरून पडलेले!

का मेले? ते कोणीही सांगत नाही. ते मुलांनीच शोधायचं.

हा तलाव हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी शाळकरी मुलांसाठी तयार केला, साधारण 2010 च्या सुमारास. नाव 'इकोम्युव्ह'. चौघाचौघांचे गट असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. एक जण प्राणी-वनस्पतींची मोजदाद करतो, दुसरा सूक्ष्मजीव बघतो, तिसरा पाण्याचं रसायन सांभाळतो आणि चौथा तपासनीस होऊन तिथल्या माणसांशी बोलतो. कोणा एकाच्या वहीत पूर्ण उत्तर नसतं.

मुलांचे सुरुवातीचे अंदाज ठरलेले असतात. कोणीतरी विष टाकलं असेल, नाहीतर कचरा टाकला असेल. मासे आज मेले, म्हणजे जे काही झालं ते आजच आणि इथेच झालं असणार, असं मन धरून चालतं. मोठ्यांचंही तसंच होतं. खरी गोष्ट मात्र कितीतरी दिवस आधी, तलावापासून दूर सुरू झालेली असते. हिरवळीवर घातलेलं खत पावसाबरोबर वाहून पाण्यात उतरतं. फॉस्फेट वाढतं, त्यावर शेवाळ माजतं, मग ते मरतं. मेलेलं शेवाळ कुजवणारे जिवाणू भराभर वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. त्यात गरम, वारा पडलेले दिवस आले की मोठ्या माशांचा श्वास कोंडतो. पुस्तकात याला युट्रोफिकेशन म्हणतात आणि चार ओळींत प्रकरण आटोपतं. मुलंही त्या चार ओळी पाठ करतात. पण तलावावर मागच्या तारखांना परत जाऊन, आपणच लिहिलेले आकडे शेजारी ठेवून बघताना मुलाला जेव्हा लक्षात येतं, की मासे मेले त्या दिवशी गुन्हेगार तिथे नव्हताच, तेव्हा त्याला कार्यकारणभाव नावाची अवघड गोष्ट कळलेली असते.

खऱ्या तलावावर न्यावं की मुलांना, असं तुम्ही म्हणाल. जरूर न्यावं, मी तर आग्रहच धरीन. पण खऱ्या तलावावर गेल्या महिन्यातला मंगळवार परत बघता येत नाही. आभासी जगाचं मोल मला इथे दिसतं. जे खोलीत करता येत नाही आणि सहलीतही करता येत नाही, ते तिथे करायला द्यावं.

हे मला आज पटलेलं आहे, पण सुरुवातीला मी अगदी उलट वागले. विज्ञान शिकवते मी. पहिल्यांदा अशा जगात वर्ग घ्यायचा ठरला, तेव्हा हौसेनं मी तिथे एक मोठी खोली बांधली. ओळीनं बाकं, समोर फळा, फळ्यावर हृदयाची आकृती. मुलांचे अवतार, म्हणजे पडद्यावरची त्यांची रूपं, येऊन बाकांवर बसले. मी बोलू लागले. कोणाचा आवाज घुमतोय, कोणाचा मायक्रोफोन बंद करायचा राहिलाय, एकाचा अवतार तर अर्धा भिंतीत अडकलेला. वीसेक मिनिटांनी एक मुलगी बाकावरून उठली आणि सरळ छतातून उडून वर गेली. मी तिला खाली बोलावलं. ती येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, इथे उडता येतं, मग आपण बसलोय कशाला?"

तिचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर तयार करायला मला तीन आठवडे लागले.

पुढच्या वेळी मी खोली पाडून टाकली आणि चालत आत शिरता येईल एवढं मोठं हृदय उभं केलं. मुलांना रक्ताच्या थेंबांचं काम दिलं. उजव्या अलिंदातून, म्हणजे वरच्या कप्प्यातून, शिरायचं, त्रिदल झडपेतून उजव्या निलयात, म्हणजे खालच्या कप्प्यात, उतरायचं, तिथून फुप्फुसाकडे, परत डावीकडे आणि शेवटी महाधमनीतून बाहेर. मध्येच एक मुलगा थांबला. त्याला निलयातून परत वर अलिंदात जायचं होतं आणि झडप काही त्याला जाऊ देईना. तो चिडून म्हणाला, "मागे का जाता येत नाही?" दुसरा म्हणाला, "आणि गेलो असतो तर?" इतकी वर्षं फळ्यावर ते बाण काढतेय मी. बाण उलटा का नाही, असं मला कोणीही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी झडप गळती असेल तर काय होईल, धाप का लागते, इथपर्यंत मुलं स्वतःहून पोचली.

अवतार हा शब्द सहज वापरते आहे, कारण तो आपल्या घरचाच आहे. 1980 च्या दशकात 'हॅबिटाट' नावाच्या आभासी जगात खेळणाऱ्याच्या पडद्यावरच्या रूपाला हा शब्द लावला गेला. त्याही आधी, 1978 मध्ये, इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' हे जग सुरू केलं. त्यात एकही चित्र नव्हतं. सगळं अक्षरांत. 'उत्तरेला जा' असं लिहिलं की पुढच्या जागेचं वर्णन यायचं. अशी अक्षरांची जगं अजूनही आहेत आणि मला ती फार महत्त्वाची वाटतात, कारण साध्या संगणकावर चालतात आणि दृष्टिहीन विद्यार्थी पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या मदतीनं तिथे इतरांच्या बरोबरीनं वावरू शकतो. डोळ्यांवर चढवायच्या महागड्या चष्म्यांची जाहिरात बघताना हा विद्यार्थी आपल्या मनातून निसटू नये.

अवताराचं बळ किती असतं, हे निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं. ज्यांना उंच अवतार मिळाले, ते पैशाच्या वाटाघाटीत जास्त ठाम राहिले. रूप घेतलं की वागणं बदलतं, बहुरूप्याला हे आधीपासून ठाऊक आहे. म्हणून मुलाला 'तू आज पाण्याचा रसायनतज्ज्ञ' असं सांगणं ही नुसती गंमत नसते. तो खरोखर तसा बघायला लागतो.

एक उदाहरण तर मला अजून थक्क करतं. 'व्हायव्हिल' हे मुलांचं आभासी जग 1999 मध्ये सुरू झालं. काही वर्षांनी तिथे मुद्दाम एक साथ सोडली गेली. कोणाच्या चेहऱ्यावर लाल पुटकुळ्या उठायच्या, कोणी गप्पांत काही लिहिलं की मध्येच शिंक उमटायची. मुलं घाबरली, चिडली आणि मग विचार करायला लागली. ही पसरते कशी? मी ज्याच्याशी बोललो त्याला झाली का? लागण कशी होते, हे त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावर भोगून समजून घेतलं, तेही एकाही जिवाला धोका न होता.

आता अडचणी. संगणक आणि इंटरनेट सगळ्यांकडे नाही, हे उघडच आहे. अनोळखी लोक येऊ शकतात, तेव्हा मुलांचं जग बंद दाराचंच हवं आणि दारावर शिक्षक हवा, याबाबतीत मी जराही ढिलाई करत नाही. पण सगळ्यात जास्त चटका लावणारी अडचण वेगळीच आहे. ही जमीन आपली नसते. 'सेकंड लाइफ' हे एका कंपनीचं आभासी जग 2003 मध्ये सुरू झालं, पुढे कितीतरी विद्यापीठांनी तिथे बेटं घेऊन प्रयोगशाळा उभारल्या. शिक्षणसंस्थांना भाड्यात निम्मी सवलत होती. 2010 मध्ये ती काढून घेत असल्याचं कंपनीनं जाहीर केलं आणि अनेकांनी गाशा गुंडाळला. पुढे 2013 मध्ये सवलत परत आली, पण गेलेले सगळे काही परतले नाहीत. काही जण 'ओपनसिम्युलेटर'कडे, म्हणजे अशीच आभासी जगं उभारायच्या एका सॉफ्टवेअरकडे, वळले. तो स्वतःच्या संगणकावर चालवता येतो आणि बांधलेल्याची प्रत आपल्याजवळ ठेवता येते. नव्यानं सुरुवात करणाऱ्या शिक्षकांना मी आधी हेच विचारते, की बांधलेलं उचलून घरी नेता येईल ना? माझं हृदय मला नेता आलं नाही. ती जागा बंद झाली आणि त्याबरोबर तेही गेलं.

आणखी एक सांगते. हृदयातून बाहेर आल्यावर मी संगणक बंद करायला लावायचे आणि दहा मिनिटं कोरा कागद द्यायचे. जिथून फिरून आलात ते काढा. आत नुसतं हुंदडून आलेलं मूल इथे अडतं आणि मग त्याच्याजवळ बसून बोलता येतं. ही दहा मिनिटं वेळ नाही म्हणून मी एकदा गाळली होती. पुढच्या आठवड्यात मुलांना हृदयात उडायला मजा आली एवढंच आठवत होतं, झडपा कोणालाच आठवत नव्हत्या.

त्यातले काही कागद माझ्याकडे आहेत. छतातून उडालेल्या त्या मुलीनं झडप काढली आहे, दोन बाजूंनी घट्ट मिटलेली. खाली एक छोटासा माणूस वर बघत उभा आहे आणि शेजारी तिनं लिहिलंय, 'इथे मी अडकले.'

नमस्कार.