चिऊताईचं दार आणि तान्ह्या पोळ्याचा बैल

(दृश्य : उत्तर नागपूर. अंगणवाडीची एक खोली. दाराशी चिमुकल्या चपलांचा ढीग.)

निवेदन :
"चिऊताई चिऊताई, दार उघड!"
बाईंनी एवढं म्हणायचा अवकाश, सगळी पोरं एका सुरात ओरडतात, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे!"

गोष्ट त्यांना पाठच आहे. कावळ्याचं घर शेणाचं, ते पावसात वाहून गेलं. चिमणीचं मेणाचं, ते शाबूत. कावळा दाराशी भिजतोय आणि आत बाळाचं न्हाणं, टीट, काजळ सगळं सावकाश चाललंय. दार उघडतं तेव्हाही गारठलेल्या कावळ्याला शेकायला धाडतात कुठे, तर तापल्या तव्यावर.

मराठी घरातलं मूल ज्या गोष्टी सगळ्यात आधी ऐकतं, त्यातली ही एक. खरं सांगायचं तर ती काही फार मायाळू नाही.

बाई गोष्ट बदलत नाहीत, मध्येच थांबतात. "कावळा बाहेर काय करत असंन?"

"कुडकुडून राह्यला असंन थो," मागून एक आवाज येतो.

दुसरा लगेच विचारतो, "पन त्यानं शेणाचं घर बांधलंच कावून?"

अडलेल्याची चूक आधी शोधायची, हे चार वर्षांचं पोरगं कुठून शिकलं? आपल्याच ओसरीवरून. बाई एवढंच म्हणतात, "त्याच्याजवळ शेणच होतं, बाप्पा."

(दृश्य : पोरं जेवायला बसली आहेत.)

अंगणवाडीची योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. खिचडी, वजन, लसीकरण यांची नोंद वहीत होते. गोष्टीची होत नाही. पण ३ ते ६ वर्षांची पोरं पहिल्यांदाच घराबाहेरच्या पोरांशी मांडीला मांडी लावून बसतात, ती इथेच. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या हिंदी, कुणाची आई छत्तीसगडहून बांधकामावर आलेली.

कावळा-चिमणीत मात्र एक अडचण आहे. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन तऱ्हांनी ऐकवली. एकीत पात्रं माणसं, दुसरीत माणसांसारखे वागणारे प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर दुसऱ्यांना जास्त दिले. प्राण्यांची ऐकलेल्यांचा हात काही सैल झाला नाही. लहान मुलाला कावळ्याची कीव येते, पण कावळ्यावरून शेजारच्या मुलापर्यंत त्याला एकट्याला पोचता येत नाही.

म्हणून बाईंची पुढची गोष्ट माणसाची असते, आणि नागपूरची.

(दृश्य : बाजारात मांडलेले लाकडी बैल. बोटाएवढे, गुडघ्याएवढे, पोराहून उंच.)

तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे पोरांचा पोळा भरतो. चाकांचे लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळापासून ही चाल आहे, असं नागपूरकर सांगतात.

बाईंच्या गोष्टीतल्या सोनूकडेही बैल आहे. पण चार घरं झाली की तिचे पाय ठणकतात आणि ती ओट्यावर बसते. सोनूला सिकलसेल आहे. बाई आजाराचं नाव स्पष्ट घेतात. विदर्भात ते घरोघरी ऐकलेलं आहे, फक्त दबक्या आवाजात. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. भिजलं, गारठा लागला, पाणी कमी प्यालं की दुखणं उसळतं. आजार होतो तो त्याचा दोष आई आणि बाबा, दोघांकडूनही आला तर. शेजारी बसून, एका ताटात जेवून तो लागत नाही. तरी "तिच्याजवळ नको बसू" हे वाक्य पोरांच्या कानावरून गेलेलं असतं.

या वर्गात असं मूल आहे का, ते आम्ही विचारलं नाही. असतं, तरी कॅमेरा तिकडे वळवला नसता.

(दृश्य : मारबतीची मिरवणूक, इतवारी. नंतर पुन्हा वर्ग.)

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी शहरात काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे भलेमोठे पुतळे. इडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! हे या पोरांनी बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेलं आहे. म्हणूनच एक मुलगी विचारते,

"मंग मारबत सोनूलेबी घेऊन जाते का?"

बाई गोष्टीतून बाहेर येतात. "नाही ना बेटा. दुखणं जाऊ दे म्हणतो आपण. सोनू कावून जाईन? सोनू आपली आहे."

"मंग तिचा बैल कोन ओढन?"

यावर जुंपते. एक म्हणतो, मी ओढतो. दुसरी म्हणते, तिच्या ओट्यावरच पोळा भरवा. कुणी सुचवतं, तिला पाणी द्या आधी. एकटा कोपऱ्यातून स्पष्ट सांगतो, "मी माहा बैल सोडून नाही जात बा." त्याला कुणी रागावत नाही. बाई त्याला त्याच्या बैलाचं नाव विचारतात. तो भलंमोठं नाव सांगतो आणि बैलाला शिंगं किती लांब आहेत ते दोन्ही हात ताणून दाखवू लागतो. सोनूचा बैल अजून ओट्याखालीच उभा आहे, आणि भांडण चालू आहे.