शेवटचं पाणी

[दृश्य: सकाळच्या उन्हातलं ओता नदीचं पात्र]

हिरोशिमा हे नद्यांचं शहर. समुद्राला मिळण्याआधी ओता नदी इथे फाटे फोडत पसरते. 1945 मध्ये असे सात फाटे शहरातून वाहत होते. पाण्याचा तुटवडा या गावाला ठाऊक नव्हता.

6 ऑगस्टच्या सकाळी बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुलं उघड्यावर राबत होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून लाकडी घरं पाडून मोकळे पट्टे करायचे, कौलं उचलायची, हे त्यांचं काम. सव्वाआठ वाजता, सुमारे 600 मीटर उंचीवर युरेनियमचा बॉम्ब फुटला. घरं पाडायच्या कामावरची सुमारे 6 हजार मुलं त्यात गेली.

सगळी त्याच क्षणी गेली नाहीत. कितीतरी जण रात्रभर, दोन-दोन दिवस पाणी मागत राहिले. भाजलेल्याला पाणी पाजलं की तो दगावतो, अशी तेव्हा समजूत होती. म्हणून आयांनी काळजावर दगड ठेवून ‘नको बाळा’ म्हटलं. मुलं तरीही गेली. मरणाऱ्याच्या ओठांना शेवटचं पाणी लावायची रीत आपल्यासारखी जपानातही आहे. तेवढंही आपण केलं नाही, ही सल मागे राहिलेल्यांच्या मनातून कधी गेली नाही.

मग पाऊस आला. काळा, चिकट. तहानलेल्यांनी वर तोंड करून तो प्यायला. त्यात राख होती, काजळी होती आणि किरणोत्सार होता. त्या पावसात भिजलेल्या 84 जणांना बॉम्बपीडित म्हणून मान्यता द्या, असा निकाल हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाने दिला 2021 मध्ये. 76 वर्षांनी!

[दृश्य: नागासाकी, शांती कारंजं]

9 ऑगस्टला नागासाकीवर प्लुटोनियमचा बॉम्ब पडला. तिथल्या कारंज्यापाशी एका नऊ वर्षांच्या मुलीची आठवण दगडात कोरली आहे. पाण्यावर तेलाचा तवंग होता, तरी तिनं ते प्यायलं.

वर्ष संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे 1 लाख 40 हजार माणसं मेली, नागासाकीत सुमारे 70 हजार.

[दृश्य: हिरोशिमा, स्मारकाची दगडी कमान]

दरवर्षी 6 ऑगस्टला, सव्वाआठची घंटा व्हायच्या आधी, शहरातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेलं पाणी इथे मृतांना वाहिलं जातं.